खांबावरचा डबा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी टेलिफोन खात्यातला माणूस. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं खांब आणि तारा यांच्या संगतीत काढली. त्यामुळे रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांआधी माझी नजर खांबांकडे जाते. घरचे यावरून थट्टा करतात. करू देत.

२०१९ च्या मार्चमध्ये मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर तिचं छोटं गाव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो, तर तिच्या फाटकासमोरच्या दिव्याच्या खांबाला एक कागद चिकटवलेला दिसला. सवयीनं थांबून वाचला. अमुक एका कंपनीला या खांबाच्या माथ्यावर बिनतारी यंत्रसामग्री बसवायची आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर अमुक दिवशी नगर परिषदेच्या सभागृहात सुनावणीला या, असा मजकूर. खाली दोन चित्रं. एकात आजचा खांब, दुसऱ्यात उद्याचा. उद्याच्या खांबावर धान्याच्या छोट्या कोठीएवढा एक उभट डबा आणि मध्यावर एक चौकोनी पेटी.

मला हसूच आलं. एवढ्याशा डब्यासाठी जाहीर सुनावणी! आमच्या काळात फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. खांब टाकायला गेलो की गल्लीतली मंडळी विचारायची, "साहेब, आमच्या टोकापर्यंत कधी?" खांब नको म्हणणारा माणूस क्वचितच भेटायचा.

क्वचित म्हणालो, कारण एक आजी मला आजही आठवतात. वाईजवळच्या एका गावात खांबाचा खड्डा नेमका त्यांच्या दारासमोर आला होता. आजी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, दारासमोर खांब आला की द्वारवेध होतो. नातवाचं लग्न जमवायचंय मला." मी नवा नवा ज्युनिअर इंजिनिअर, पुस्तकी उत्साह होता. मी त्यांना सांगितलं, की १८८५ सालचा टेलिग्राफ कायदा आहे, त्यानं खात्याला खांब टाकायचा अधिकार दिला आहे. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कायदा सरकारचा, पण दार माझं आहे." माझ्या मुकादमानं डोळ्यानंच खूण केली. खड्डा पाच फूट सरकला, एक स्टे वायर जास्तीची लागली आणि आम्हाला चहा मिळाला. कागदावर याची कुठेच नोंद नाही.

मुलीच्या दारातला कागद वाचताना मला त्या आजी आठवल्या. त्यांच्यासारख्यांना तिथे कुठे दाद मागता येते, हे बघायला म्हणून मी सुनावणीला गेलो. आणि मग या डब्याच्या मागे लागलेला दीडशे वर्षांचा इतिहास वाचतच बसलो.

आधी डब्याविषयी थोडं. इंग्रजीत याला स्मॉल सेल म्हणतात. मोबाइलचा मोठा मनोरा काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो. पण फोनवर बोलणं कमी आणि चित्रं पाहणं जास्त झालं, तसा मनोऱ्यावरचा भार वाढला. एकाच विहिरीवर अख्खं गाव पाणी भरायला आलं तर जे होतं तेच. उपाय एकच, गल्लोगल्ली छोटे आड खणायचे. स्मॉल सेल म्हणजे तो आड. त्याचा पल्ला काहीशे मीटरचा. फाइव्ह-जीमधल्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी तर भिंतीलाच काय, झाडाच्या पानांनाही अडतात. म्हणून हे डबे लोकांच्या अगदी जवळ, म्हणजे खिडकीच्या उंचीवर, दिव्याच्या खांबावर बसवावे लागतात. मनोरा गावाबाहेर टेकडीवर असतो, तिकडे कोण बघतो? डबा मात्र दारात येतो, आणि भांडणही त्याच्याबरोबर दारात येतं.

हा डबा नेहमीच लहान असतो असंही समजू नका. अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाची, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, व्याख्या अशी आहे की अँटेना तीन घनफुटांपर्यंत आणि बाकीची यंत्रसामग्री एकूण अठ्ठावीस घनफुटांपर्यंत असेल तर तिला 'लहान' म्हणायचं. आपल्या घरातलं कपड्यांचं लोखंडी कपाट साधारण तेवढंच भरतं. आता तुमच्या दारातल्या दिव्याच्या खांबापाशी असं कपाट आलं तर त्याला लहान म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

रस्ता सगळ्यांचा, मग त्यावर कंपनीनं खांब कोणत्या हक्कानं रोवायचा, हा प्रश्न अमेरिकेत टेलिग्राफपासूनचा आहे. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारांचं असं जाळं झालं होतं, की त्या काळचे फोटो पाहताना वर आकाश आहे हे आठवून घ्यावं लागतं. टेलिग्राफ, टेलिफोन, विजेचे दिवे, जो तो आपापले खांब रोवत होता. याच दशकात, १८८२ मध्ये, आपल्या मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं होतं, पण तिथला पसारा न्यूयॉर्कच्या मानानं काहीच नव्हता. १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं मोठ्या शहरांतल्या तारा जमिनीखाली न्या असा कायदा केला. कंपन्यांनी चालढकल केली. मार्च १८८८ मध्ये प्रचंड हिमवादळ झालं, खांब कोसळले, तारा रस्त्यावर लोळल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एक लाइनमन भर दुपारी, गजबजलेल्या रस्त्यावर, शेकडो लोकांच्या देखत तारांच्या जाळ्यात विजेचा धक्का लागून मेला. त्यानंतर महापौर ह्यू ग्रँट यांनी माणसं पाठवून खांब कुऱ्हाडीनं तोडून टाकायला लावले. माझ्यासारख्या लाइनच्या माणसाला हा प्रसंग वाचताना त्या लाइनमनचं वाईट वाटतं. शहराला जाग यायला त्याला मरावं लागलं.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा वेगळी होती. ते नवं राज्य, अंतरं मोठी, माणसं विरळ. तिथे तार पोचणं हीच गरज. म्हणून राज्यानं कंपन्यांना सार्वजनिक रस्त्यांच्या कडेनं खांब टाकायचा हक्क देऊन टाकला. १८७२ च्या दिवाणी संहितेत हे कलम आहे. १९०५ मध्ये त्यात टेलिफोन आला. पुढे ते दुसऱ्या संहितेत गेलं, पण गाभा तोच राहिला. खांब टाका, मात्र रस्त्याच्या सार्वजनिक वापराची गैरसोय होईल अशा रीतीनं आणि अशा ठिकाणी टाकू नका, एवढीच अट. मूळ इंग्रजी शब्द 'इन्कमोड' असा आहे. हा शब्द आता इंग्रजांच्याही तोंडी फारसा नसतो. पण या एका शब्दावर जवळजवळ दीडशे वर्षांनी मोठा खटला लढला गेला. त्याकडे येतोच.

मधल्या काळात मोबाइल आला. मनोरे उभे राहू लागले आणि ते कुरूप दिसतात अशी ओरड सुरू झाली. यातून एक गमतीशीर धंदा निघाला. ॲरिझोनातल्या टक्सन शहरातली एक कंपनी प्राणिसंग्रहालयांसाठी आणि करमणुकीच्या बागांसाठी खोटे खडक, खोटी झाडं बनवायची. तिनं १९९२ मध्ये डेन्व्हरमध्ये पाइन वृक्षाच्या वेषातला मनोरा उभा केला. पुढे ताड आले, निवडुंगही आले. असा एक पाइन मी मुलीच्या गावाबाहेर पाहिला. आजूबाजूच्या झाडांच्या दुप्पट उंच, फांद्या बाटल्या धुण्याच्या ब्रशासारख्या, आणि एकही पक्षी नाही. साधा लोखंडी मनोरा मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटला असता. पण नियम लिहिणाऱ्यांचा कल बरीच वर्षं लपवण्याकडेच राहिला.

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं दूरसंचार कायदा केला आणि त्यानं या सगळ्या प्रकरणाला वेगळं वळण दिलं. मनोऱ्याची जागा ठरवायचा अधिकार गावांकडेच ठेवला, पण त्याला कुंपण घातलं. सेवा मिळूच नये असे नियम करायचे नाहीत. कंपन्या-कंपन्यांत विनाकारण भेद करायचा नाही. वाजवी वेळात निर्णय द्यायचा. नकार द्यायचा तर लेखी आणि पुराव्यानिशी द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यंत्रातून निघणाऱ्या लहरी आयोगानं ठरवलेल्या मर्यादेत असतील, तर त्यांच्या परिणामांच्या कारणावरून गावाला परवानगी नाकारता येणार नाही.

या शेवटच्या कलमाचा अर्थ मला त्या सुनावणीत कळला.

सभागृह छोटं होतं, चाळीसेक माणसं असतील. प्रत्येकाला तीन मिनिटं. कुणी घराच्या किमतीबद्दल बोलला, कुणी डोंगराच्या दृश्याबद्दल. मग एक तरुण बाई उठल्या. त्यांच्या मुलाच्या खोलीची खिडकी त्या खांबासमोर होती. मुलगा लहान, आजारी असायचा. त्यांनी लहरींबद्दल बोलायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात अध्यक्षांनी त्यांना अगदी हळुवारपणे थांबवलं. म्हणाले, "तुमची काळजी मला कळते, पण या मुद्द्यावर निर्णय करायचा अधिकार कायद्यानं आम्हाला दिलेला नाही. रंग, उंची, जागा याबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा." बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग रंग वाईट आहे." सभागृहात हशा पिकला. त्या मात्र हसल्या नाहीत.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. मी तंत्राचा माणूस आहे. त्या खांबावरच्या डब्यापेक्षा आपण कानाला लावतो त्या फोनच्या लहरी आपल्या शरीराला जास्त मिळतात. त्या बाईंची भीती मला पटत नव्हती. पण भीती खोटी असली तरी ती बोलायला कुठेतरी जागा हवी. ते दार बंद केलं की माणूस खिडकीतून येतो. आरोग्याचं दार १९९६ मध्ये बंद झालं, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या गावोगावच्या माणसांनी आपलं सगळं म्हणणं सौंदर्याच्या खिडकीतून मांडलं. भीती असो, राग असो, कंपनीनं न विचारता दारात यावं याची चीड असो, अर्जात त्याचं रूपांतर रंग, उंची आणि अंतर यांत होतं. या डब्यांच्या नियमावल्या वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर ही माणसं रंगाच्या छटेवरून इतकी का भांडतात ते कळत नाही.

लहरींच्या त्या मर्यादाही १९९६ च्याच. आयोगानं २०१९ मध्ये त्या तशाच ठेवल्या. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं आयोगाला सांगितलं, की त्या का बदलल्या नाहीत याची नीट कारणं द्या. मर्यादा चुकीच्या आहेत असं न्यायालय म्हणालं नाही, कारणं पुरेशी दिलेली नाहीत एवढंच म्हणालं. माझ्या मते तेही कमी नाही.

आता सौंदर्याच्या लढाईकडे. लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येला समुद्रकाठी पालोस व्हर्डेस इस्टेट्स नावाचं गाव आहे. १९२० च्या दशकात ऑल्मस्टेड बंधूंच्या प्रसिद्ध संस्थेनं आखलेलं, झाडाझुडपांचं, श्रीमंत वस्तीचं. तिथल्या नगर परिषदेनं स्प्रिंट कंपनीला दोन जागी अँटेना बसवायला नकार दिला. कारण काय, तर शोभत नाही. कंपनी कोर्टात गेली. फक्त दिसण्यावरून नकार देता येतो का, हा मुद्दा. २००९ मध्ये फेडरल अपील न्यायालयानं गावाच्या बाजूनं कौल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ता नुसता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी नसतो. देखण्या रस्त्यानं जाण्याचा अनुभव वेगळा आणि यंत्रांच्या सावलीतून जाण्याचा वेगळा.

मग सॅन फ्रान्सिस्को. या शहराचं पोट बऱ्याच अंशी त्याच्या रूपावर चालतं. २०११ मध्ये शहरानं नियम केला, की रस्त्यातल्या खांबावर बिनतारी यंत्रं बसवायची तर प्रत्येक जागेसाठी वेगळी परवानगी घ्यायची. ऐतिहासिक इमारतींजवळची जागा असेल, दृश्यासाठी नावाजलेला रस्ता असेल, बागेलगतची जागा असेल, तर कसोटी जास्त कडक. टी-मोबाइल आणि आणखी दोन कंपन्यांनी दावा लावला. त्यांचा आधार होता तो १८७२ चा शब्द. गैरसोय म्हणजे काय? कंपन्या म्हणाल्या, गैरसोय म्हणजे रहदारीला अडथळा. गाड्या, माणसं जाऊ शकतात ना? मग संपलं. डबा कसा दिसतो याच्याशी शहराचा संबंध नाही.

तुम्ही म्हणाल, हा शब्दच्छल झाला. पण आपल्याच भाषेत बघा ना. 'अडथळा' आणि 'गैरसोय' यांत फरक आहे की नाही? पाहुणा दारात आडवा झोपला तर तो अडथळा. तो रात्रभर घोरला तर गैरसोय. जाता-येता येतं, पण घर आपलं राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं शब्दकोश उघडले, जुने निवाडे पाहिले आणि ४ एप्रिल २०१९ रोजी एकमतानं निकाल दिला. न्यायमूर्ती कॅरल कॉरिगन यांनी तो लिहिला. या शब्दाचा अर्थ निव्वळ वाट अडवण्यापुरता नाही, यंत्राचा आवाज, सुरक्षितता, शांतपणे रस्ता वापरण्यात येणारा व्यत्यय हेही त्यात बसू शकतं, आणि रूपाचा विचार करायचा अधिकार शहराला आहे, असं त्यात म्हटलं. मी तेव्हा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शेजाऱ्यांनी मला वर्तमानपत्रातली बातमी दाखवली. मी त्यांना द्वारवेधाची गोष्ट सांगितली. त्यांना ती फार आवडली.

पण या विजयाला तोवर वरून लगाम बसला होता. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं होतं. त्यात या डब्यांबाबत गावांचा बराचसा अधिकार काढून घेतला होता आणि खांबाच्या वार्षिक भाड्यालाही मर्यादा घातली होती. राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी त्यावर सही केली नाही, ते परत पाठवलं. गावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो वर्षभरही टिकला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय आयोगानं अख्ख्या देशासाठी आदेश काढला.

हा आदेश मी दोनदा वाचला. जुन्या खांबावरच्या डब्याच्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत, नव्या खांबाचा नव्वद दिवसांत. याला तिकडे बास्केटबॉलवरून 'शॉट क्लॉक' म्हणतात. आपण कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई म्हणू. वेळ संपली की गाव बाद. एका डब्यामागे वर्षाला २७० डॉलरपर्यंत शुल्क रास्त मानलं जाईल, त्याहून जास्त घ्यायचं तर खर्च दाखवा. आणि रूपाचे नियम करायचे असतील तर ते वाजवी हवेत, दुसऱ्या यंत्रांपेक्षा जाचक नकोत, मोजता येतील असे हवेत आणि आधी प्रसिद्ध केलेले हवेत. यामुळे कंपन्यांचे दोन अब्ज डॉलर वाचतील असा आयोगाचा हिशेब होता. वाचलेला पैसा खेड्यापाड्यांत जाळं नेण्यासाठी खर्च होईल अशीही आशा दाखवली होती. आयोगाच्या सदस्य जेसिका रोझेनवर्सेल यांनी यातल्या काही भागाला विरोध नोंदवला. गावांचे अधिकार वॉशिंग्टनमध्ये बसून काढून घेणं त्यांना पटलं नव्हतं.

नियम प्रसिद्ध करायला गावांना एप्रिल २०१९ पर्यंत मुदत होती. मग काय, एकच धावपळ. ज्या गावांनी आजवर खांबाचा विचार केला नव्हता, तीही नियमावल्या लिहू लागली. डब्याचा रंग खांबाच्या रंगाशी जुळावा. तारा खांबाच्या पोटातून न्याव्यात, बाहेर लोंबू नयेत. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत नको. पंख्याचा आवाज अमुकपेक्षा जास्त नको. लुकलुकणारे दिवे नकोत. दाराच्या, खिडकीच्या बरोबर समोर नको, दोन घरांच्या हद्दीवरचा खांब निवडा. हे शेवटचं कलम वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला. आमच्या आजींचा द्वारवेध कॅलिफोर्नियाच्या नियमात येऊन बसला होता. काही गावं याही पुढे गेली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मिल व्हॅली गावानं २०१८ च्या सप्टेंबरमध्येच तातडीचा नियम करून राहत्या वस्तीत हे डबे नकोतच असं ठरवलं.

या आदेशाविरुद्ध बरीच शहरं एकत्र येऊन कोर्टात गेली. पोर्टलंड शहराच्या नावानं तो खटला ओळखला जातो. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल लागला. शुल्काची मर्यादा टिकली, साठ-नव्वद दिवसही टिकले. पण 'दुसऱ्या यंत्रांपेक्षा जाचक नको' आणि 'मोजता येईल असंच हवं' या दोन अटी न्यायालयानं उडवल्या. गावाचं सौंदर्य ही फूटपट्टीनं मोजून देण्यासारखी गोष्ट नाही, असा त्याचा अर्थ. नियम वाजवी हवेत आणि आधी सांगायला हवेत, एवढं उरलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं यात लक्ष घालायला नकार दिला.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की मी गावांच्या बाजूचा आहे. पूर्ण नाही. कारण रूपाचा हा आग्रह धरणारी गावं कोणती, तेही बघायला हवं. पालोस व्हर्डेस, मिल व्हॅली ही सगळी सुखवस्तू. ज्यांच्या घरात जमिनीखालून येणारं जलद इंटरनेट आधीच आहे, त्यांना खांबावरचा डबा नको असणं सोपं आहे. २०२० मध्ये महामारीत शाळा बंद झाल्या, तेव्हा याच कॅलिफोर्नियात, सॅलिनास या शेतमजुरांच्या गावात, मुलं खाण्याच्या दुकानाबाहेर फुकटचं वायफाय मिळतं म्हणून फुटपाथवर बसून अभ्यास करत होती. तो फोटो देशभर गाजला. त्या मुलांच्या आईबापांनी डब्याचा रंग विचारला नसता.

सॅन होजे शहराचे तेव्हाचे महापौर सॅम लिकार्डो यांनी हा मुद्दा धरला होता. आयोगाच्या सल्लागार समितीत ते होते. समितीत कंपन्यांचंच चालतं म्हणून त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला. पण त्यांनी डबे अडवले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी तीन कंपन्यांशी करार करून सुमारे चार हजार डबे शहरात येऊ दिले. बदल्यात दहा वर्षांत दोन कोटी चाळीस लाख डॉलरचा निधी ठरवला. गरीब घरांपर्यंत इंटरनेट नेण्यासाठी. खांब शहराचा आहे, तो वापरायचा तर शहराच्या गरिबाला काहीतरी मिळालं पाहिजे, हा साधा व्यवहार. सगळ्या इतिहासात मला हा माणूस जास्त शहाणा वाटला. आयोगाच्या २७० डॉलरच्या मर्यादेनं नेमकी अशाच सौद्यांची ताकद कमी केली, हे माझं मत.

न्यूयॉर्कमध्ये २०२२ च्या जुलैत उलटी गंमत झाली. जिथे एकेकाळी कुऱ्हाडीनं खांब तोडले, तिथेच शहरानं फाइव्ह-जीसाठी बत्तीस फूट उंचीचे नवे खांब उभारायला घेतले. पहिला ब्राँक्समध्ये, म्हणजे गरीब वस्तीत. खांबाच्या पायथ्याशी फुकट वायफाय आणि फोन चार्ज करायची सोय. ब्राँक्समध्ये स्वागत झालं. तसेच खांब मॅनहॅटनच्या जुन्या, देखण्या घरांपुढे येणार म्हटल्यावर मात्र रहिवासी उठले. २०२३ मध्ये केंद्रीय आयोगानंच सांगितलं, की ऐतिहासिक वास्तूंवरच्या परिणामाची तपासणी आधी करा. आयोगाचा हा अवतार पाहून सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांना काय वाटलं असेल!

आपल्याकडचं एकच सांगतो, कारण मला राहवत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या केंद्र सरकारनं मार्गाधिकाराच्या नियमांत दुरुस्ती केली आणि रस्त्यावरच्या खांबासारख्या वस्तूवर असा डबा बसवायचं शुल्क ठरवलं. शहरात वर्षाला तीनशे रुपये, ग्रामीण भागात दीडशे. पुढे २०२३ मध्ये माझ्या १८८५ च्या कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा मंजूर झाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू झाले. अमेरिकेत २७० डॉलरवर कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे तीनशे रुपयांवर कुणी चहाच्या टपरीवरही वाद घातलेला मी ऐकला नाही.

त्या सुनावणीचं काय झालं, ते राहिलंच. परवानगी मिळाली, अटींसह. डबा मुलीच्या फाटकासमोरच्या खांबावर न बसवता पुढच्या खांबावर, एका मोठ्या झाडाच्या आडोशाला बसवायचा. रंग खांबाचा. तारा आतून. त्या बाईंच्या मुलाची खिडकी सुटली. बाहेर पडताना त्या अध्यक्षांशी हात मिळवून गेल्या. लहरींबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.

मुलगी परवा फोनवर सांगत होती, की ते झाड आता खूप वाढलंय. फांद्या डब्यावर आल्यात आणि पानांमुळे सिग्नल नीट मिळत नाही. कंपनीनं फांद्या छाटायला परवानगी मागितली आहे. झाडाला नोटीस चिकटवली आहे, आणि सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मी तिला म्हटलं, जाऊन ये, आणि त्या बाई आल्या होत्या का, ते मला कळव.